अन्नाशी खेळावं का?

आपल्याकडे बहुतेक घरांत मुलांना दोन वाक्यं फार लवकर ऐकू येतात. पहिलं, ‘ताटात टाकायचं नाही.’ दुसरं, ‘अन्नाशी खेळायचं नाही.’ भाताचा डोंगर करून त्यात वरणाचं तळं केलं की आजी डोळे वटारते. वाटी चाटली की ‘मांजर आहेस का?’ असं विचारते. या दटावण्यांमागे दुष्काळाची, रेशनच्या रांगेची, महिनाअखेरीला तळाला गेलेल्या डब्यांची आठवण असते. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांच्यासाठी अन्न ही चेष्टेची गोष्ट नव्हती.

आता बँकॉकमधल्या एका रेस्टॉरंटकडे बघू. गगन आनंद हा कोलकात्यात जन्मलेला शेफ. २०१० साली त्याने बँकॉकमध्ये ‘गगन’ सुरू केलं. २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षं ते ‘एशियाज फिफ्टी बेस्ट रेस्टॉरंट्स’च्या यादीत पहिलं होतं. २०१९मध्ये ते बंद झालं. त्यानंतर त्याने काढलेलं नवं रेस्टॉरंट २०२५ साली याच यादीत पुन्हा पहिलं आलं. जुन्या ‘गगन’मध्ये मेन्यूवर शब्दच नसायचे. पंचवीस पदार्थ आणि पंचवीस इमोजी. त्यातला एक पदार्थ ताटलीवर नुसता फासून यायचा. चमचा नाही, काटा नाही. ‘किस’ या रॉक बँडचं ‘लिक इट अप’ हे गाणं लागायचं आणि जगभरातून विमानाने आलेली माणसं ताटली जिभेने चाटायची.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपण लहानपणी धपाटा खाल्ला, तीच करायला तिथे लोक पैसे देतात.

या प्रकारच्या जेवणाला टेस्टिंग मेन्यू म्हणतात. तुम्ही काही मागवायचं नाही. शेफ ठरवेल ते, ठरवेल त्या क्रमाने, घासभर घासभर येत राहतं. दोन-तीन तास प्रयोग चालतो. धूर येतो, आवाज येतात, प्रत्येक पदार्थाची गोष्ट सांगितली जाते. भारतीय चवींवर असा खेळ करणारी रेस्टॉरंट्स आता मुंबईत आहेत, दिल्लीत आहेत, दुबईत आहेत. दुबईच्या ‘ट्रेसिंड स्टुडिओ’ला २०२५मध्ये मिशलिनचे तीन स्टार मिळाले. भारतीय पद्धतीचं जेवण देणाऱ्या रेस्टॉरंटला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. रील्समध्ये हे सगळं आपल्या फोनवर रोज दिसतं. बघताना मजा येते आणि पोटात कुठेतरी थोडं टोचतंही. मला त्या टोचण्याबद्दल लिहायचं आहे. ते नेमकं कशामुळे टोचतं? आणि त्यात तथ्य किती?

आधी खेळ समजून घेऊ. गगनचा सर्वांत गाजलेला पदार्थ म्हणजे ‘योगर्ट एक्स्प्लोजन’. मी तिथे जेवलेले नाही, पण नेटफ्लिक्सच्या ‘शेफ्स टेबल’ मालिकेतला त्याच्यावरचा २०१६चा भाग पाहिला आहे. चमच्यात पांढरा, थरथरणारा एक गोळा असतो. तोंडात टाकला की पातळ पडदा फुटतो आणि चाटवरच्या दह्याची आठवण देणारं मसालेदार दही तोंडभर होतं. युक्ती रसायनाची आहे. समुद्री शेवाळापासून मिळणारं सोडियम अल्जिनेट पाण्यात विरघळवायचं आणि त्यात चमचाभर दही हळूच सोडायचं. दह्यातलं कॅल्शियम आणि अल्जिनेट एकत्र आले की दह्याभोवती जेलीसारखा पडदा धरतो. स्पेनमधल्या ‘एल बुयी’ या रेस्टॉरंटच्या फेरान आद्रियामुळे हे तंत्र जगभर पोचलं. गगन काही काळ तिथे शिकून आला होता.

हा पदार्थ म्हणजे एक विनोद आहे. विनोदाला आधी अपेक्षा लागते, मग ती मोडावी लागते. दही कसं असतं हे माहीत असेल, तरच ते फुटल्यावर हसू येतं. ज्याने गाडीवर उभं राहून दही-पुरी खाल्ली आहे, पुरी फुटून शर्टावर दही सांडवलं आहे, त्याला हा विनोद पहिल्या क्षणी कळेल. वाईनची नावं पाठ असलेल्या पाहुण्याला तो समजावून सांगावा लागेल. मला ही गोष्ट फार आवडते. महागड्या जेवणाच्या जगात आजवर आपल्याला लाज वाटायची. कुठला काटा कधी उचलायचा, रुमाल कुठे ठेवायचा, या शब्दाचा उच्चार काय. इथे उलट आहे. इथे गाडीवर खाल्लेला माणूस जाणकार आणि बाकीचे अडाणी.

फक्त एक अडचण आहे. तो जाणकार बहुधा दाराबाहेर असतो.

मागच्या वर्षी एका मैत्रिणीची तिशी साजरी करायला आम्ही चौघी अशा एका रेस्टॉरंटमध्ये गेलो. लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. माणशी ७,००० रुपयांच्या आसपास खर्च आला. त्यासाठी आम्ही चार महिने पैसे बाजूला काढत होतो. जेवण उत्तम होतं, हे आधीच सांगते. आठव्या की नवव्या पदार्थाच्या वेळी टेबलावर पत्र्याची चिमुकली हातगाडी आली. तिच्यावर सुपारीएवढा वडा. पावाच्या जागी हवा भरल्यासारखा फुगलेला कुरकुरीत पापुद्रा. लसणीच्या चटणीची भुकटी आणि कढईतून ड्राय आइसचा धूर. कुठल्याशा स्पीकरमधून लोकलची घोषणा. वाढणारा मुलगा म्हणाला, ‘हे तुमचं लहानपण आहे. एका घासात खायचं.’

आमच्यातल्या एकीची आजी लालबागला खाणावळ चालवायची. दोन वेळचं पंचवीस-तीस गिरणी कामगारांचं जेवण, एका खोलीत. लोकलची घोषणा ऐकून सगळ्यांत मोठ्याने हसली ती हीच मैत्रीण. मग तिने वाढणाऱ्या मुलाला विचारलं, ‘दादा, तुम्ही खाल्लाय का हा?’ तो जरा बावरला. म्हणाला, ‘मेन्यू बदलतो तेव्हा एकदा आम्हाला चव देतात, मॅम.’ मग तो मराठीत बोलू लागला. मूळचा गुहागरकडचा निघाला. ‘शिफ्ट सुटली की गेटबाहेरच्या गाडीवर खातो. तो पोटाला लागतो,’ असं म्हणून हसत पुढच्या टेबलाकडे गेला.

मैत्रीण म्हणाली, ‘आजीने हा वडा बघितला असता ना, तर पोट धरून हसली असती. आणि मग विचारलं असतं, बरं, आता जेवायला कधी वाढणार?’

‘आणि बिल बघून?’ मी विचारलं.

‘बिल तिला दाखवलंच नसतं.’

मला त्या संध्याकाळी जे टोचलं, ते या शेवटच्या वाक्यात आहे. ते काय आहे हे शोधताना, सहज सुचणारी दोन उत्तरं आधी तपासून बघू.

पहिलं उत्तर पैशांचं. पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने १९७१मध्ये, पूर्व बंगालमधले लाखो निर्वासित उपाशी मरत असताना, एक निबंध लिहिला. १९७२मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाचं नाव ‘फॅमिन, ॲफ्लुअन्स अँड मोरॅलिटी’. त्याचा मुद्दा साधा आहे. उथळ डबक्यात एखादं मूल बुडत असेल, तर कपडे चिखलाने भरतील म्हणून तुम्ही थांबाल का? नाही ना? मग लांबचं मूल भुकेने मरत असताना, ज्याच्यावाचून आपलं काही अडत नाही अशा गोष्टींवर आपण पैसे कसे उडवतो? या हिशेबात आमच्या चौघींच्या २८,००० रुपयांना कसलंच समर्थन नाही.

हा युक्तिवाद मला खोडता येत नाही. पण तो फक्त या जेवणाला लागू होत नाही. तो माझ्या फोनच्या हप्त्यांना लागू होतो, कॉन्सर्टच्या तिकिटांना लागू होतो, गोव्याच्या सहलीला आणि भावाच्या लग्नातल्या पाचशे पानांच्या जेवणावळीलाही लागू होतो. पण त्या जेवणावळीत मला काही टोचलं नव्हतं. सिंगरचं म्हणणं मान्य करून मी माझं सगळं आयुष्य तपासायला हवं हे खरंच. तरी पत्र्याच्या त्या हातगाडीसमोर जे वाटलं, ते निव्वळ उधळपट्टीचं नव्हतं.

दुसरं उत्तर अस्सलपणाचं. ‘गरिबाचं खाणं श्रीमंताच्या ताटात नेऊन त्याची वाट लावली,’ असं आपण पटकन म्हणतो. पण वडापावाचाच इतिहास बघा. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. मिरचीही तिकडचीच. दोन्ही युरोपीय जहाजांतून इकडे आले. पाव पोर्तुगीजांचा, शब्दासकट. हे सगळं एकत्र आणून दादर स्टेशनबाहेर विकायला सुरुवात केली ती १९६६च्या सुमारास अशोक वैद्य यांनी, असं सांगितलं जातं. म्हणजे वडापाव हाच मुळात एका डोकेबाज माणसाचा प्रयोग. त्यावर दुसऱ्या कुणी आणखी प्रयोग केला तर विटाळ झाला असं म्हणण्यात अर्थ नाही.

शिवाय इथे मानाचाही प्रश्न आहे. परदेशात भारतीय जेवण म्हणजे स्वस्त, तेलकट, सगळ्याला ‘करी’ म्हणायचं, हा शिक्का फार वर्षं होता. फ्रेंच सॉसला हजारो रुपये मोजणारा माणूस आमटीला मात्र दोनशेच्या वर द्यायला तयार नसे. तो शिक्का ज्या शेफनी पुसला, त्यांचं काम मोठं आहे. वड्यालाही कुणीतरी इतकं गांभीर्याने घेतलं, त्याच्या एका घासावर कितीतरी दिवस खपलं, याचा मला आनंदच आहे.

पण मान मिळाला तो कुणाला? ‘भारतीय खाद्यसंस्कृती’ला, असं आपण म्हणतो. ही खाद्यसंस्कृती भाडं भरत नाही, तिला म्हातारपण येत नाही. भाडं भरत होती लालबागची ती आजी.

त्या जागेचा इतिहास इथे बाजूला ठेवता येत नाही. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो पुरुष एकेकटे राहत. गाळ्यात पथारीपुरती जागा, जेवायला खाणावळ. खाणावळ चालवणाऱ्या बायका महिनाभर उधारीवर वाढत आणि पगाराच्या दिवशी पैसे घेत. किराणा भरायला सावकाराकडून मिळेल त्या व्याजाने कर्ज काढत. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकांची दारं उघडून दिली. मग १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. ज्यांच्या पगारावर उधारी फिटायची, त्यांचे पगारच थांबले. मैत्रिणीची आजी सांगायची की संपाच्या पहिल्या महिन्यांत तिने कुणाचंच ताट बंद केलं नाही. तिच्या वहीतली बरीचशी उधारी कधीच वसूल झाली नाही.

पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आले, ऑफिसं आली, रेस्टॉरंटं आली. त्यांतल्या एका रेस्टॉरंटमध्ये, जिथे कधीकाळी पाळीवर जाणारा माणूस डबा उघडत असेल, तिथे त्याच्या मधल्या वेळच्या खाण्याचं चिमुकलं नाटक आम्ही बघत होतो. नाटकाच्या संवादांत ‘लहानपण’ होतं, ‘मुंबईचा आत्मा’ होता. खाणावळ नव्हती, संप नव्हता, आजीची वही नव्हती.

कुणी म्हणेल, जेवायला गेलात की इतिहासाच्या तासाला? बरोबर आहे. जेवणाचं नाटक करणं आपल्यालाही काही नवीन नाही. लग्नाची पंगत आठवा. ताटाभोवती रांगोळीची महिरप, मिठाची जागा ठरलेली, लिंबाची ठरलेली, चटणी-कोशिंबीर डाव्या हाताला, वाढण्याचा क्रम ठरलेला. घास भरवताना नाव घ्यायचा आग्रह. रुखवतात मांडलेले साखरेचे बंगले आणि बाहुल्या. हे सगळं नाटकच आहे, आणि खेळही आहे. ‘अन्नाशी खेळायचं नाही’ म्हणणारी आजीच रुखवताला जिलब्यांचा मनोरा रचायची.

पण त्याच पंगतीची दुसरी बाजूही आपल्याला ठाऊक आहे. कोण कुठल्या ओळीत बसणार, कुणाला आधी वाढायचं, कुणाला अंगणात आणि कुणाला सगळे उठल्यावर उरलेलं, हेही त्या नाटकात लिहिलेलं असे. पंक्तिभेद हा शब्द जेवणातूनच आला. जेवणाच्या प्रत्येक नाटकात कुणी प्रेक्षक असतो, कुणी पडद्यामागे राबतो आणि कुणाला नाट्यगृहाचं दारच बंद असतं.

शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५मध्ये आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्याची नोंद त्यात आहे. रक्ती, वजडी, वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या. पुस्तकाचं नावच सांगतं की ज्याला आपण पूर्ण समजत होतो, त्यात कुणाचं तरी ताट राहून गेलं होतं. आता टेस्टिंग मेन्यूमधल्या ‘आजीच्या आठवणी’ बघा. मी जे मेन्यू पाहिले, त्यांतल्या आज्यांकडे अंगण होतं, लोणच्याच्या बरण्या होत्या, साजूक तूप होतं. माझ्या पिढीला हा सगळा भूतकाळ ‘आपला’ म्हणून विकला जातो. त्यातलं कुणाचं लहानपण धूर आणि संगीतासह टेबलावर येतं आणि कुणाचं येत नाही, ही निवड शेफच्या जिभेने एकट्याने केलेली नसते.

म्हणून मला वाटतं, मूळ प्रश्न ऋणाचा आहे. आपल्या परंपरेत देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणं बहुतेकांना माहीत असतात. शतपथ ब्राह्मणात चौथंही सांगितलं आहे, मनुष्यऋण. माणूस जन्मतो तो इतर माणसांचं देणं घेऊनच, आणि ते फेडायचं लोकांना आसरा देऊन, जेवू घालून. ज्या परंपरेने हे लिहिलं, तिनेच कुणाला माणसांत धरायचं याची यादी फार आखूड ठेवली, हे विसरायचं कारण नाही. पण कल्पना कामाची आहे. यादी आपण लांब करू शकतो.

चवीचं देणं कायद्यात बसत नाही. लालबागच्या खाणावळीतल्या सुक्या जवळ्याच्या चटणीचं पेटंट कुणी घेतलेलं नाही, आणि घ्यावं असंही मला वाटत नाही. पदार्थ हातोहात पसरतात म्हणूनच जगतात. पण कायद्याने काही मागता येत नाही म्हणून देणं संपत नाही. मेन्यूत अळंबी कुठल्या डोंगरावरून आली ते लिहिलेलं असतं. तांदळाच्या वाणाचं नाव असतं. सिरॅमिकची ताटली कुणी घडवली तेही सांगतात. पण तो पदार्थ शेफला ज्या बाईने शिकवला, तिचा उल्लेख ‘गावातल्या एका मावशीकडून’ यापुढे जात नाही. हे मला मोठं कोडं वाटतं. अळंबीला पत्ता आहे आणि मावशीला नाव नाही.

खेळ म्हटला की भिडू लागतात. आपण एखाद्याबरोबर खेळतो तेव्हा त्यालाही डाव येतो, तोही आपल्यावर हसू शकतो. चिमुकल्या वड्याकडे बघून ‘जेवायला कधी वाढणार?’ असं विचारणारी आजी हाच तिचा डाव खेळली असती. विनोदाचं खरं उत्तर तिच्याकडे होतं. तिला आत जागा असती, तर तो खेळ पुरा झाला असता. तिची फक्त आठवण आत आली आणि ती बाहेर राहिली, म्हणून तिच्या नातीला बिल लपवावंसं वाटलं. लपवावं लागतं तिथे काहीतरी देणं बाकी असतं.

यावर कुणी म्हणेल, मग काय रेस्टॉरंटने रोज दहा टेबलं फुकट ठेवायची? दानधर्माची अपेक्षा मी करत नाही. मला सुचतात त्या गोष्टी त्याहून साध्या आहेत. ज्यांच्याकडून पदार्थ शिकलात त्यांची नावं घ्या, त्यांची परवानगी असेल तर मेन्यूवर छापा, आणि शिकवण्याचे पैसे द्या, जसे कुठल्याही सल्लागाराला देता. वाढणाऱ्या मुलाला तो पदार्थ एकदा चाखायला देऊन थांबू नका. वर्षातून एक रात्र तिथे काम करणाऱ्यांच्या घरच्यांसाठी ठेवा, तोच प्रयोग, तोच धूर, तीच गाणी. त्यांना तो फालतू वाटला तर तसं सांगू द्या. माझी खात्री आहे, सगळ्यांत चोख समीक्षा त्या रात्री होईल. आणि गोष्ट सांगणारच असाल तर पुरी सांगा. गिरणीच्या आवारात बसून गिरणी कामगाराच्या खाण्याचा विनोद करताना ‘संप’ हा शब्द उच्चारला म्हणून कुणाची भूक मरत नाही. आम्हा चौघींची तरी मेली नसती.

आपण जेवायला जाणाऱ्यांनीही थोडं करायला हवं. आपल्या हातात निदान प्रश्न आहेत. हा पदार्थ तुम्ही कुठे शिकलात? कुणाकडून? त्या कधी इथे जेवल्यात का? असे प्रश्न विचारणं उद्धटपणाचं नाही. पदार्थाची गोष्ट त्यांनीच सुरू केलेली असते, आपण फक्त पुढे काय झालं ते विचारतो. ज्या जागेकडे या प्रश्नांची उत्तरं आहेत, तिथे चार महिने पैसे साठवून जायला माझी हरकत नाही. तिथे ताटली चाटायला सांगितली तर तीही चाटेन.